शिकारीची घराणी

१९७० च्या मार्च महिन्यात कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाशी, पेडर बे नावाच्या लहानशा खाडीत, पाच ऑर्का जाळ्यात सापडले. त्या काळी मत्स्यालयांना विकण्यासाठी ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, सर्रास पकडले जात. पाचांपैकी दोघांना लवकरच मत्स्यालयात हलवलं गेलं. उरलेले तीन खाडीतच जाळ्याच्या कुंपणात राहिले. पकडणाऱ्यांनी त्यांच्यापुढे सॅल्मन टाकले. त्याच किनाऱ्यावरचे कितीतरी ऑर्का या माशावर पोसले जातात. या तिघांनी त्याला तोंडही लावलं नाही. आठवडे उलटले, शरीरं खंगली, तरी नाही. सुमारे अडीच महिन्यांनी त्यांतली एक मादी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या दोघांनी पहिल्यांदा मासा गिळला आणि पुढचे काही महिने ते माशांवरच जगले. मग एका रात्री कोणीतरी जाळ्याला वजनं लावून ते पाण्याखाली दाबलं आणि दोघेही निसटले. पुढच्या वर्षांत ते पुन्हा नजरेस पडले तेव्हा सस्तन प्राणी मारून खात होते. मासे त्यांनी सोडून दिले होते.

मरायला टेकलेल्या प्राण्याला समोरचा मासा अन्न का वाटला नाही, हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. उत्तर हळूहळू मिळालं ते मायकेल बिग या कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञाच्या कामातून. मत्स्यालयांसाठी एवढे ऑर्का पकडले जात असताना समुद्रात ते आहेत तरी किती, हे मोजायचं काम बिग यांच्याकडे आलं. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की पाठीवरच्या पराच्या कडेवरच्या खाचा आणि परामागचा राखाडी पट्टा प्रत्येक ऑर्कात वेगळा असतो. मग फोटो काढायचे, एकेकाची ओळख पटवायची, कोण कोणाबरोबर फिरतो ते टिपायचं, असा उद्योग सुरू झाला. लोक हजारोंच्या गोष्टी करत होते, प्रत्यक्षात निघाले काहीशेच. त्या फोटोंमधूनच पुढे आणखी एक गोष्ट उलगडली. या पाण्यात दोन वेगळे समाज राहतात. एक मासे खातो, त्यातही मुख्यतः चिनूक जातीचा सॅल्मन. दुसरा सील, सी लायन, पॉरपॉइज असे सस्तन प्राणी खातो. दोघांची ये-जा एकाच खाड्यांमधून होते, पण ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि त्यांच्यात सोयरीकही होत नाही. पेडर बेमधले ऑर्का दुसऱ्या समाजातले होते. त्या समाजाला आज ‘बिग्ज किलर व्हेल’ असंच नाव आहे.

ऑर्का हा डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा प्राणी. कोकण किनाऱ्यावरून दिसणारे डॉल्फिन हे त्याचे लांबचे भाऊबंद. नर सात-आठ मीटरपर्यंत वाढतो, वजन सहा टनांच्या घरात जातं आणि पाठीवरचा पर एखाद्या उंच माणसाएवढा होतो. ध्रुवाजवळच्या बर्फापासून उष्ण समुद्रांपर्यंत सगळ्या महासागरांत तो आढळतो. शरीर सगळीकडे जवळपास सारखंच. तेच दात, तीच ताकद, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून गढूळ पाण्यातलं भक्ष्य ओळखण्याची तीच क्षमता. एवढ्या सामायिक भांडवलावर प्रत्येक समुद्रातला ऑर्का वेगळ्याच रीतीने पोट भरतो. आपल्या संगीतातल्या घराण्यांसारखं हे आहे. गळा निसर्गाने दिलेला असतो, गायकी तालमीतून येते. ऑर्काची शिकार समजून घ्यायची तर त्याच्या दातांकडे पाहून भागत नाही, त्याच्या आईकडे आणि आजीकडे पाहावं लागतं, असं माझं मत हा विषय वाचता वाचता पक्कं झालं आहे.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या आसपास तरंगत्या बर्फात राहणारे काही ऑर्का वेडेल सीलची शिकार करतात. सील बर्फाच्या लादीवर पहुडलेला असतो आणि तिथे ऑर्काचं तोंड पोचत नाही. रॉबर्ट पिटमन आणि जॉन डर्बन या शास्त्रज्ञांनी या शिकारीचा बारकाईने अभ्यास करून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. आधी एखादा ऑर्का पाण्यातून डोकं उभं वर काढून लादीवर कोण आहे ते पाहतो. त्या बर्फात क्रॅबईटर सील पुष्कळ असतात, लेपर्ड सीलही असतात. हे दोघे चवताळून उलटणारे. ते दिसले तर ऑर्का सहसा पुढे निघून जातात. वेडेल सील त्या मानाने गरीब. तो दिसला की थांबतात. बाकीचे गोळा होतात, तेही डोकं काढून खात्री करतात. मग सगळे काही अंतर मागे जातात, शेजारीशेजारी रांग धरतात आणि शेपट्या एका लयीत मारत पृष्ठभागालगत लादीच्या दिशेने झेपावतात. आता आदळणार असं वाटेपर्यंत जवळ येतात आणि एकदम बुडी मारतात. त्यांच्या अंगांमुळे उठलेली लाट लादीवरून वाहत जाते.

लादी मोठी असेल तर पहिल्या लाटेने सील पडत नाही, बर्फ फुटतो. पुढच्या लाटेने तुकडे आणखी लहान होतात. सील बसलेला तुकडा बाकीच्या बर्फात अडकलेला असेल तर ऑर्का तो डोक्याने ढकलत मोकळ्या पाण्यात आणतात, कारण मोकळं पाणी नसेल तर लाट उठवायला जागा मिळत नाही. सील पाण्यात पडला तरी त्याच्यावर लगेच तुटून पडत नाहीत. सीलचा चावा वाईट असतो. म्हणून त्याला मागच्या बाजूने धरून खाली खेचायचं, भोवतालचं पाणी घुसळून त्याला गोंधळात टाकायचं, दमवायचं. बहुतेक वेळा सील शेवटी बुडून मरतो.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट लाट ही नाही. पहिली लाट उठवताना कोणालाच काही मिळणार नसतं. बर्फ फोडायचा तो पुढच्या लाटेसाठी, ढकलायचा तो त्याहीपुढच्या लाटेसाठी. पाच-सहा जणांना एकाच वेळी हे उमगलेलं असतं आणि प्रत्येकाला रांगेतली आपली जागा ठाऊक असते. हे एका जिवाला एका जन्मात सुचेल असं वाटत नाही. पिढ्यानपिढ्या कोणीतरी पाहिलं, कोणीतरी त्यात भर घातली, आणि आईशेजारी पोहणाऱ्या पिल्लाने ते डोळ्यांत साठवलं.

अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर पुंता नोर्ते नावाचा गोट्यांचा किनारा आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत सी लायनची पिल्लं तिथे पाण्यात उतरायला शिकत असतात. किनाऱ्यालगत खडकांची रांग आहे आणि तिच्यात एक खोलगट वाट. भरतीच्या वेळी त्या वाटेने ऑर्का आत शिरतो, लाटेबरोबर थेट किनाऱ्यावर चढतो, निम्मं अंग गोट्यांवर असताना पिल्लू जबड्यात धरतो आणि अंगाला हिसके देत, वळत, पुढच्या लाटेसरशी पाण्यात परत सरकतो. पकडलेलं पिल्लू बरेचदा कुटुंबातल्या इतरांकडे नेलं जातं. एवढा मोठा सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागला की तो मरणाच्या दारात असतो, कारण पाण्याचा आधार सुटताच स्वतःच्याच वजनाने त्याचं शरीर आतून दबायला लागतं. पुंता नोर्तेचे ऑर्का हा धोका मोजूनमापून पत्करतात. लाट चुकली तर परत फिरता येईलच असं नाही. हुआन कार्लोस लोपेस आणि दियाना लोपेस यांनी १९८५ मध्ये या शिकारीचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्या परिसरात फिरणाऱ्या सगळ्याच ऑर्कांना हे येत नाही. मोजक्याच जणांना येतं. बाकीचे त्याच पाण्यात असूनही किनाऱ्यावर चढत नाहीत.

ही विद्या पिल्लाच्या अंगी कशी येते, हे आणखी जवळून पाहायला मिळालं ते हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, क्रोझे बेटांवर. तिथे एलिफंट सीलची पिल्लं किनाऱ्यावर लोळत असतात आणि ऑर्का त्यांना अशाच रीतीने पकडतात. फ्रेंच शास्त्रज्ञ क्रिस्तोफ गिने यांनी १९८० च्या दशकापासून तिथल्या कुटुंबांवर नजर ठेवली. जिथे एकही सील नाही अशा रिकाम्या किनाऱ्यावर माद्या आपल्या पिल्लांना घेऊन येतात आणि त्यांच्यासह वाळूवर चढतात, उतरतात. पुढे सील असलेल्या किनाऱ्यावर आई पिल्लाला मागून ढकलून भक्ष्याच्या दिशेने वर सारते. पिल्लू अडकलं तर त्याच्याजवळ येते, लाट उठवते, त्याला पाण्यात परत यायला मदत करते. ही तालीम काही वर्षं चालते. पाच-सहा वर्षांचं झाल्यावर कुठे एखादं पिल्लू पहिला सील पकडू शकतं, आणि तेही आई शेजारी असताना.

प्राण्यांमध्ये ‘शिकवणं’ हा शब्द शास्त्रज्ञ जपून वापरतात. टिम कॅरो आणि मार्क हाउझर यांनी १९९२ मध्ये त्यासाठी कसोटी मांडली. शिकवणाऱ्याने नवशिक्याच्या उपस्थितीत आपलं वागणं बदललं पाहिजे, त्यात त्याचा तात्काळ फायदा नसावा किंवा तोटाच असावा, आणि त्यामुळे नवशिक्या एरवीपेक्षा लवकर शिकला पाहिजे. पिल्लाला घेऊन रिकाम्या किनाऱ्यावर अंग टाकणारी आई पहिल्या दोन अटी उघडच पुऱ्या करते. तिला एकटीने जाऊन सील पकडता आला असता. तिसरी अट सिद्ध करणं कठीण, कारण क्रोझेवर निरीक्षणाखाली आलेली पिल्लं अगदी थोडी होती आणि त्यांच्यावर प्रयोग करणं शक्य नाही. तरीही प्राण्यांच्या जगातल्या शिकवण्याच्या ठळक उदाहरणांत याची गणना होते.

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर हेरिंगच्या थव्यांची शिकार निराळीच. तिऊ सिमिला यांनी १९९० च्या दशकात तिचं वर्णन केलं. ऑर्का थव्याभोवती फेर धरतात, बुडबुडे सोडतात, पोटाची पांढरी बाजू चमकवत माशांना भिववतात आणि खोलवरचा थवा दाटीवाटीने पृष्ठभागाकडे आणतात. मग एकजण त्या गोळ्याच्या कडेला शेपटीचा तडाखा देतो. भोवंडलेले मासे एकेक करून खाल्ले जातात. न्यूझीलंडमध्ये इन्ग्रिड व्हिसर यांनी उथळ बंदरांत तळाशी डोकं खुपसून पाकट पकडणारे ऑर्का पाहिले. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, त्यामुळे तिथेही कोणी कुठून धरायचं याचे शिरस्ते आहेत.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर अगदी अलीकडची. पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी नावं मिळालेले दोन नर आहेत. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कलंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून खलाशांच्या भाषेतली ही नावं. २०१७ मध्ये गान्सबाईजवळ ग्रेट व्हाइट शार्कची मेलेली शरीरं किनाऱ्याला लागू लागली. छातीच्या दोन परांच्या मधोमध फाडलेलं आणि आतलं यकृत बहुतेकांत गायब. शार्कचं यकृत प्रचंड मोठं आणि तेलाने भरलेलं असतं. बाकी शरीरापेक्षा त्यातून कितीतरी जास्त ऊर्जा मिळते. ॲलिसन टाउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ऑर्कांच्या भीतीने त्या भागातले ग्रेट व्हाइट शार्क कित्येक महिने निघून गेले. एरवी ही शिकार ऑर्का एकजुटीने करतात. पण जून २०२३ मध्ये मोसेल बे इथे स्टारबोर्डने एकट्याने अडीच मीटर लांबीचा तरुण शार्क दोन मिनिटांच्या आत मारला, आणि हे दृश्य बोटीवरून पाहिलं गेलं. त्याआधी, मे २०२२ मध्ये, ड्रोनच्या चित्रीकरणात स्टारबोर्डबरोबर आणखी काही ऑर्का शार्कच्या शिकारीत दिसले होते. दोघांचं कसब पसरायला लागलं आहे असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मलाही तो पटतो.

इथे एक रास्त शंका येते. हे सगळं रक्तातच असेल तर? वेगळ्या समाजांत सोयरीक नाही, म्हणजे जनुकंही वेगळी झाली असणार. ती झालीच आहेत. उत्तर पॅसिफिकमधले मासे खाणारे आणि सस्तन प्राणी खाणारे ऑर्का इतके दुरावले आहेत की त्यांना दोन स्वतंत्र प्रजाती मानावं असा प्रस्ताव २०२४ मध्ये काही संशोधकांनी मांडला. त्यामुळे आहारातला प्रत्येक फरक शिकण्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण जनुकं पिढीगणिक बदलतात, आणि ऑर्कांमधल्या काही गोष्टी एका मोसमात बदलतात. तिथे जनुकांचं स्पष्टीकरण अपुरं पडतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या प्यूजेट साउंडमध्ये के नावाच्या गटातली एक मादी मेलेला सॅल्मन डोक्यावर मिरवताना दिसली. पाच-सहा आठवड्यांत शेजारच्या दोन गटांतले ऑर्काही तेच करू लागले. पुढच्या उन्हाळ्यात हा प्रकार थोडासा दिसला आणि संपला. त्याचा पोटापाण्याशी काहीही संबंध नव्हता. एकाने केलं म्हणून दुसऱ्याने केलं. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२० पासून शिडाच्या बोटींची सुकाणूं मोडण्याचा जो प्रकार चालू आहे तोही याच जातीचा. तिथल्या ऑर्कांची संख्या चाळिसाच्याही आत आहे आणि त्यांतल्या थोड्यांपासून सुरू झालेलं हे वागणं इतरांत पसरलं. काही बोटी बुडाल्या. सूड म्हणून ते बोटींवर हल्ले करतात अशा बातम्या खूप चालल्या, पण त्यासाठी पुरावा नाही. अभ्यासकांचा कल हा तरुण ऑर्कांचा खेळ असावा असं मानण्याकडे आहे.

आवाजाचा पुरावा त्याहून भक्कम. जॉन फोर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश कोलंबियातल्या मासेखाऊ ऑर्कांचे आवाज पाण्याखाली ध्वनिमुद्रित केले. प्रत्येक गटाची स्वतःची ठरावीक हाकांची बोली निघाली. पिल्लू बाप ज्या गटाचा त्याची बोली बोलत नाही, आईची बोलतं. बाप दुसऱ्याच गटातला असतो आणि समागमानंतर आपल्या आईकडे परत जातो. मत्स्यालयात बॉटलनोज डॉल्फिनांबरोबर ठेवलेल्या ऑर्कांनी त्या डॉल्फिनांसारखे आवाज काढायला सुरुवात केल्याचंही नोंदवलं गेलं. अशा पुराव्यांच्या आधारे हॅल व्हाइटहेड आणि ल्यूक रेंडेल यांनी २००१ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन यांना संस्कृती आहे असं ठामपणे लिहिलं. त्यावर मोठा वाद झाला. आज तो वाद संस्कृती आहे की नाही यावर कमी आणि ती किती खोलवर जाते यावर जास्त चालतो.

बोलीचा शिकारीशी थेट संबंध आहे. मासेखाऊ ऑर्का शिकार करताना मोकळेपणाने बोलतात, कारण सॅल्मनला त्यांच्या हाका नीट ऐकू येत नाहीत. सील खाणारे ऑर्का शिकारीच्या वेळी जवळजवळ गप्प असतात, प्रतिध्वनीसाठीचे टिकटिक आवाजही अगदी कमी काढतात, आणि बोलतात ते सावज मेल्यावर. फोल्कर डेके यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सीलना पाण्याखाली ध्वनिमुद्रणं ऐकवली. सील खाणाऱ्यांचा आवाज येताच सील दूर पळाले. स्थानिक मासेखाऊंचा आवाज आला तर त्यांनी लक्ष दिलं नाही. पण दूरच्या अनोळखी मासेखाऊंचा आवाज ऐकवल्यावर पुन्हा पळाले. म्हणजे प्रत्येक अनोळखी बोलीला धोका मानायचं, आणि कोणत्या बोलीपासून धोका नाही ते अनुभवाने शिकायचं, असा सीलचा हिशेब आहे. भक्षक शिकतो तसं भक्ष्यही शिकतं.

एवढी विद्या जपायची कोणी? मासेखाऊ ऑर्कांमध्ये मुलगे, मुली आयुष्यभर आईजवळ राहतात. मादी चाळिशीच्या आसपास प्रजनन थांबवते आणि त्यानंतर कित्येक दशकं जगू शकते; काही ऐंशी-नव्वदीपर्यंत पोचतात. रजोनिवृत्तीनंतर एवढं दीर्घ आयुष्य माणूस आणि काही दातांचे देवमासे सोडले तर जवळपास कोणाला नाही. निसर्गाने असं का ठेवलं असावं? केन बाल्कम यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या वार्षिक नोंदी आणि कॅनडातल्या नोंदी एकत्र अभ्यासल्यावर उत्तर मिळायला लागलं. २०१५ मध्ये लॉरेन ब्रेंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुटुंबाच्या पुढे बहुधा वयस्क माद्या असतात, आणि सॅल्मनचा दुष्काळ असलेल्या वर्षी तर त्या विशेषकरून पुढे दिसतात. कोणत्या महिन्यात, कोणत्या नदीच्या मुखाशी मासा येतो, हे ज्यांनी वाईट वर्षं पाहिली त्यांनाच ठाऊक. आई गेली की तिशी ओलांडलेल्या मुलाच्या मरणाचा धोका पुढच्या वर्षभरात चौदा पटींनी वाढतो, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. सहा टनांचा, पूर्ण वाढलेला नर, आणि तो आईच्या जिवावर जगत असतो. आई पकडलेला मासा तोडून त्याला देते हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. आजी जिवंत असेल तर नातवंडं जास्त तगतात, हेही २०१९ मध्ये सिद्ध झालं.

पण ज्याने तारलं तेच कधी कधी मारतंही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या समुद्रातला दक्षिणेकडचा मासेखाऊ समाज, म्हणजे जे, के आणि एल हे गट, आज ७५ च्या आत आला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची तरुण पिढीच उचलली गेली. मग धरणांनी नद्या अडवल्या, चिनूक सॅल्मन रोडावला, पाण्यात विषारी रसायनं साठली, जहाजांचा गोंगाट वाढला. त्याच पाण्यात सील भरपूर आहेत, कारण त्यांना १९७० च्या दशकापासून कायद्याचं संरक्षण मिळालं. सील खाणारे बिग्ज ऑर्का त्यावर वाढत आहेत. उपाशी मासेखाऊ मात्र शेजारून जाणारा सील खात नाहीत. पेडर बेच्या त्या तिघांना मासा अन्न वाटला नाही, यांना सील वाटत नाही. दोन्हीकडे कारण एकच आहे. अन्न काय आहे हे लहानपणी कुटुंबात ठरतं आणि नंतर फार क्वचित बदलतं. म्हणून त्यांना वाचवण्याचा मार्ग त्यांची सवय बदलण्यातून जात नाही, नद्या मोकळ्या करण्यातून जातो. कॅलिफोर्निया-ओरेगनच्या सीमेवरच्या क्लामाथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडली गेली आणि त्याच वर्षी चिनूक धरणांच्या जागा ओलांडून वर गेला, ही अलीकडच्या काळातली खरी आनंदाची बातमी आहे.

अशी घराणी बुडतात तेव्हा काय जातं, हे ऑस्ट्रेलियाच्या ईडन गावाने पाहिलं आहे. तिथल्या टूफोल्ड बेमध्ये ऑर्का मोठ्या देवमाशांना किनाऱ्याकडे रेटत आणत आणि होड्यांवरचे शिकारी भाल्याने त्यांना मारत. मग मेलेला देवमासा रात्रभर पाण्यात सोडला जाई. जीभ आणि ओठ ऑर्कांचे, बाकी माणसांचं. किनाऱ्यावरच्या थावा आदिवासींचं ऑर्कांशी हे नातं गोऱ्या वसाहतीच्या फार आधीपासूनचं, आणि तिथे देवमाशांची शिकार करणाऱ्या डेव्हिडसन कुटुंबाच्या होड्यांवर थावांची माणसं होती. या ऑर्कांपैकी ओल्ड टॉम सप्टेंबर १९३० मध्ये मेला. त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या जनुकांची तपासणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या आजच्या कुठल्याही ऑर्कांत त्याचा वंश सापडला नाही.

अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तर ही घटना आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. २४ मार्च १९८९ ला एक्झॉन वाल्देस हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात पसरलं. तिथे एटी-१ नावाचा सील खाणाऱ्या ऑर्कांचा एक छोटा समाज होता, स्वतःची वेगळी बोली असलेला. अपघातापूर्वी ते २२ होते. त्यानंतर थोड्याच काळात नऊ नाहीसे झाले. आज सात उरले आहेत, आणि १९८४ नंतर त्यांच्यात एकही पिल्लू जगलेलं नाही. जगभरात ऑर्का हजारोंनी आहेत, म्हणून या सातांच्या जाण्याने प्रजातीच्या एकूण आकड्यात फरक पडणार नाही. पण ती बोली आणि त्या खाड्यांतली शिकारीची रीत दुसऱ्या कुठल्याच ऑर्काला येत नाही. मोजणी डोक्यांची करायची की कुटुंबांची, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो, आणि माझं उत्तर कुटुंबांची असं आहे.

सिएटल आणि व्हँकुव्हरकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे प्राणी घराजवळ पाहता येतात. त्यांना एक विनंती. बोटीतून पाठलाग करण्यापेक्षा सॅन हुआन बेटावरच्या लाइम किल्न पॉइंटच्या खडकांवर उन्हाळ्यात जाऊन थांबा. नशीब असेल तर ऑर्का किनाऱ्यालगतच जातात. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात त्यांचा प्रतिध्वनी हरवतो आणि हातातोंडाशी आलेला मासा निसटतो. इतरत्र राहणाऱ्यांना त्याच भागातल्या पाण्याखालच्या मायक्रोफोनचा आवाज इंटरनेटवर थेट ऐकता येतो. आणि बोटीनेच जायचं असेल तर वॉशिंग्टन राज्याचा कायदा लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२५ पासून दक्षिणेकडच्या मासेखाऊ ऑर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे नऊशे मीटरहून थोडं जास्त, अंतर राखणं बंधनकारक आहे.